कुमुदची चिंकारा

"थांबा हो! घरी माझी बायको मरतेय!" दिगंबर धावत जीपला आडवा गेला.

"दोनच मिनिटं, काका. पोरांनी त्या हरिणीला पळताना पाहिलंच नाही अजून," जीपमधला माणूस म्हणाला.

माळावरच्या शेवटच्या चिंकारा मादीचं हृदय सरकारने दिगंबरच्या बायकोच्या, कुमुदच्या हृदयाशी जोडलेलं होतं. मादीमागे जीप लागली की कुमुदला धाप लागे. निदान माणसासाठी तरी लोक थांबतील, अशी सरकारला आशा होती.

दिगंबर घरी परतला आणि कुमुदच्या मनगटावरचा जोडणीचा पट्टा सोडू लागला.

"अहो, नको. मग तिला कोण आहे?"

"आणि मला कोण आहे?"

पट्टा निघाला. कुमुदचा श्वास हळूहळू सुरळीत झाला. माळाच्या फाटकावर 'जोडणी संपली' अशी पाटी उजळली, तेव्हा इतका वेळ बाहेर सभ्यपणे थांबलेल्या जीपही आत शिरल्या.