सायोचा एक शब्द

“तोंड एकदाच उघडतंय, ताई. तेवढ्यात बसेल तेच म्हणायचं,” आदिनाथने पडद्यावरचं चित्र थांबवलं.

चित्रात तोमा आणि सायो गुहेपाशी उभे होते. आत राक्षस होता. तोमा म्हणतो, ‘तू इथंच थांब. मी जाऊन येतो.’ सायो म्हणते, ‘बरं.’ जपानी कार्टून मालिकेचं हे मराठी डबिंग सोलापुरात एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत चाललं होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना चादरी ठोकल्या होत्या.

तोमाचा आवाज दाक्षायणीचा होता. चौदा वर्षांच्या नायकाला बाईचाच आवाज शोभतो. पुरुषाचा जाड पडतो. पूर्वी ती रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती करायची. आता गल्लीतली पोरं तिची वाक्यं म्हणत काठ्या फिरवायची. तोमाचं काम तिने सकाळीच संपवलं होतं. सायोचं राहिलं होतं. सायो करणारी मुलगी अक्कलकोटहून यायची. भागात दोन-तीन हाका आणि एखादा हुंदका, एवढ्यासाठी तिने येणं सोडलं. म्हणून दाक्षायणीने आज आपल्या मुलीला आणलं होतं. आठवीतली सिद्धेश्वरी काचेपलीकडच्या खोलीत हेडफोन लावून उभी होती.

“‘बरं’च कशाला?” दाक्षायणी म्हणाली. “‘चल’ पण एका तोंडात बसतंय की.”

“‘चल’ म्हणाली, तर गेली कुटं? पुढच्या चित्रात ती बाहेर दगडावर बसलीय.”

“मग बसवली कशाला? पहिल्या भागात हिनंच ह्याला आपटला होता. दोघं एकाच गुरूकडं शिकले. आता हा लढतोय, अन् ही नुसती ह्याच्या जखमांना पट्ट्या बांधती.”

“पोरांची मालिका हाय ती, ताई.”

“माझी पोरगी बघती की. रोज विचारती, सायो कधी लढणार म्हणून.”

“मग तुमी जपानला फोन लावा,” आदिनाथ हसला. “मी मोडनिंबचा माणूस. माझं कोण ऐकतंय?”

दाक्षायणी हसली नाही. “तुला यायचंय का, असं एकदा तरी कुणी विचारलंय का तिला?”

तिचा फोन वाजला. बोलण्यात आतला आवाज नको म्हणून आदिनाथने सिद्धेश्वरीपुढचा माईक बंद केला.

फोन शाळेतल्या खेळाच्या बाईंचा होता. अकलूजला खो-खोचं शिबिर होतं. जिल्ह्याचा संघ त्यातूनच निवडायचा होता आणि शाळेने सिद्धेश्वरीचं नाव दिलं होतं. गाडी संध्याकाळी सुटणार होती. पोरीचं काय ठरलं, एवढंच बाई विचारत होत्या.

“नाही जमायचं, मॅडम,” दाक्षायणी म्हणाली. “तिच्या भावाची क्रिकेटची निवड हाय पुण्याला. हे त्याला घेऊन निघालेत. पोरीसंगं कुणाला धाडू? तुमी हायच ओ, पण घरचं कुणीतरी पायजे की. नाही, नाही, ती काही म्हणायची नाही. समजूतदार हाय पोरगी.”

फोन ठेवून ती पुढे वाकली आणि आत बोलायचं बटण दाबलं.

“सिद्धू, शिबिराचं पुढच्या वर्षी बघू. यंदा तू घरीच थांब. दादाचं होऊन जाऊ दे.”

काचेपलीकडे सिद्धेश्वरीचं तोंड एकदाच उघडलं. आवाज इकडे आला नाही. दाक्षायणी तोवर आदिनाथकडे वळली होती.

“निदान रागानं तरी म्हणू दे सायोला.”

“चेहरा बघा. हसरा काढलाय. राग कुटं बसवू?”

माईक सुरू झाला. आधी हाका घेतल्या. सिद्धेश्वरीची पहिलीच हाक इतकी मोठी आली की आदिनाथने कानावरचं काढून ठेवलं.

“अगं, घाबरून हाक मार. तू मैदानावर ‘पळ, पळ’ म्हणून ओरडतीयस.”

तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा मैदानावरचीच आली. घाबरणं तिला काही केल्या जमेना. शेवटी आदिनाथने आवाज कमी करून एक हाक कशीबशी चालवून घेतली.

राहिलं ‘बरं’. तेच अवघड आहे, हे त्याने तिला आधीच बजावलं. एवढ्याशा शब्दात राग दिसायला नको, रडूही यायला नको. अक्कलकोटची मुलगी असल्या शब्दावर अर्धी सकाळ घालवायची.

चित्र सुरू झालं. हेडफोनमध्ये आईच्या आवाजात तोमा म्हणाला, ‘तू इथंच थांब. मी जाऊन येतो.’

“बरं.”

शब्द ओठांवर नेमका बसला. राग नव्हता. रडू नव्हतं. शेवटी श्वास जरासा खाली सोडलेला होता, तेवढाच. आदिनाथने तुकडा परत लावला, आणखी एकदा लावला, आणि खुर्ची मागे सरकवली.

“पहिल्या झटक्यात! ताई, घरी तालीम घेतली व्हय?”

“छे, ओ. मी काहीच शिकवलं नाही,” दाक्षायणी कौतुकाने काचेकडे बघत म्हणाली.

आदिनाथने बटण दाबलं. “लई भारी, सिद्धेश्वरी! कसं जमवलंस गं?”

सिद्धेश्वरीने हेडफोन काढून नीट खुंटीला अडकवला.

“मघाशी एकदा म्हणून झालं होतं की, सर,” ती म्हणाली. “तवा माईक बंद होता.”