काकांची बोटं

व्हिडिओ संपला तशी काकूंनी मान डोलवली आणि फोन परत दिला. केतकी हिरमुसली. हुरडा पार्टीचं जुनं चित्रीकरण तिने खपून कापलं, जोडलं, सगळ्यांना पाठवता यावं म्हणून लहान केलं होतं.

"आवडलं नाही?" तिने खुणेने विचारलं. काका-काकू दोघंही जन्मापासून कर्णबधिर, हातांनीच बोलायचे. काकूंनी पडद्यावरच्या काकांकडे बोट दाखवलं. "हे काय सांगताहेत, कळत नाही. बोटं एकमेकांत विरघळलीत."

खरंच, फाइल लहान करताना काकांच्या भराभर हलणाऱ्या बोटांचा नुसता धूसर पुंजका झाला होता. अर्धांगवायूनंतर काकांचा उजवा हात मांडीवर गप्प पडलेला असे आणि डाव्या हाताने बोलायला ते तयार नव्हते. त्यांचं बोलणं उरलं होतं ते या चित्रीकरणातच.

तिने मूळ चित्रीकरणावरून सगळं नव्याने जोडलं, या वेळी काहीही लहान न करता, आणि पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आता काकांची नखंसुद्धा दिसत होती. ते कणसं चोरणाऱ्या वानराची गोष्ट सांगत होते आणि काकू हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या.

शेजारी बसलेल्या काकांचा डावा हात उचलला गेला. खुणा वेड्यावाकड्या होत्या, केतकीला वाचता येईनात. "काय म्हणताहेत?"

काकूंनी आधी तिचा हात घट्ट दाबला, मग सांगितलं, "म्हणताहेत, वानराची एक गंमत तेव्हा सांगायची राहिली. ती आता सांगतो."