दारातून हाक

माजी सैनिकांच्या घरी फिरून फिरून समाजसेविकेच्या पायांचे तुकडे पडले होते. या शेवटच्या घराची केस तरी आज बंद होणार होती. इथला सैनिक झोपेत दचकून समोरच्याचा गळा धरायचा, ते थांबून वर्ष झालं होतं.

“वहिनी, दारातूनच हाक मारा, असं मीच सांगितलं होतं ना? आता खुशाल हात लावून उठवा.”

“हो हो,” म्हणत वहिनींनी चहा आणला. समाजसेविकेचा कप तिच्या हातात दिला. नवऱ्याचा दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आणि चौकटीत मागे सरून हाक मारली, “अहो, चहा!”

नवरा समोरच खुर्चीत टक्क जागा बसला होता. त्याने उठून कप घेतला.

“ताई, केस नका बंद करू. माझं नाव खोडा आणि हिचं घाला.”