शून्य न येणारी संख्या

"मूळ संख्या नको," गेलेर्ट म्हणाला. "तिची बाकी शून्य येते हे मला झोपेतही ठाऊक आहे. मध्ये कुठे चुकलो तरी ओढूनताणून शून्यावर येऊन बसेन."

पिरोश्काने कागदावरचं 'दोनचा एकतिसावा घात वजा एक' खोडलं आणि एकतीसच्या जागी एकोणतीस केले. पहिली संख्या कशानेही न फुटणारी. ही दिसायला तिची बहीण, पण फुटते. आणि हिची शेवटची बाकी कोणालाच पाठ नसते.

रीत सोपी होती. चारपासून सुरुवात. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या भल्यामोठ्या संख्येने भागायचं, उरलेल्या बाकीचा पुन्हा वर्ग, असं सत्तावीस वेळा. संख्या मूळ असेल तर शेवटी शून्य उरतं. नसेल तर काहीतरी आडदांड उरतं.

हिवाळ्यात डोक्यात रक्ताची गाठ झाली, तेव्हापासून गेलेर्टने पेन्सिल धरली नव्हती. गुरुवारी त्याचा शाळकरी पोरांचा गणिताचा वर्ग पुन्हा सुरू व्हायचा होता. आजच्या या हिशेबात एक आकडा जरी चुकला तरी वर्ग कायमचा सोडेन, असं त्याने सांगून टाकलं होतं. आडमुठा माणूस! त्याची बायको पिरोश्काही गणितातलीच. आयुष्यभर दोघांनी प्रत्येक हिशेब वेगवेगळा करून मग ताडून पाहिला होता. आजही ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसली.

माशांचं सूप केव्हाच गार झालं होतं. अखेर दोघांचं लिहिणं थांबलं.

"वाच," ती म्हणाली.

"चार, पाच, आठ."

"बरोबर. पुढे?"

"सात, तीन, आठ."

"बरोबर." शेवटचे तीन ती स्वतःच वाचू लागली. "चार, चार..."

"तीन."

तिच्या कागदावर शेवटी पाच होते.

गेलेर्टने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल बाजूला सारली. "संपलं. पोरांना कळवून टाक."

पिरोश्काला त्याच्याकडे बघवेना, म्हणून ती नुसती आपल्या कागदाकडे बघत राहिली. शेवटची पायरी. वर्ग केला होता. भागलंही होतं.

"गेलेर्ट! अरे, मी दोन वजाच केले नाहीत!"

त्याने कागद ओढून घेतला. बोट ठेवून एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"गाढवे," हातांआडून तो म्हणाला, "जीव गेला असता की माझा!"

पिरोश्काला हसू आवरेना, रडूही आवरेना. तिने खिडकी सताड उघडली. समोरच्या सज्जात शेजारीण एतेल सतरंजी झटकत होती.

"एतेल! मी चुकले गं! चुकले!"

एतेलचे हात थांबले. "मग त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?"