एका विरजणाची दोन घरं

गहिनीनाथने भाकरी अर्धी ठेवली आणि हात धुतला. सून पूजाने दुकानातनं आणलेला दह्याचा डबा त्याच्यापुढे उघडाच होता. त्यातला एक चमचा त्याने चाखला होता, आणि तेवढा पुरे झाला होता.

"ह्याला दही म्हनत्यात व्हय? ही तर खीर हाय."

पूजाने सासूकडे बघितलं. रतनबाई खाली मान घालून परात घासत राहिली.

परवा मांजराने दह्याचं मडकं पाडलं, असं रतनबाईने सांगितलं होतं. चमचाभर दही बाजूला काढून ठेवायची रतनबाईची रोजची सवय नेमकी त्याच दिवशी चुकली म्हणे. आता चूक कुणाच्या हातनं होत नाही? पण हे साधंसुधं विरजण नव्हतं. गहिनीनाथची आई लग्न होऊन काष्टीहून घोडेगावला आली, तेव्हा गाडग्यात ते घेऊन आली होती. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात, असं करत तिने ते जन्मभर जगवलं. गावात कुणाला दिलं नाही. दोन सुनांना तेवढं दिलं. तिच्या माहेरी आता म्हशीच नाहीत, तिथेही पिशवीतलं दही येतं. म्हणजे राहिलं एकच घर, मळ्यातल्या धाकट्या भावाचं, अजिनाथचं. आणि अजिनाथशी बोलणं बंद होतं.

भांडण दह्याचंच. गहिनीनाथला दही आंबट हवं असायचं, पातळ, दात आंबतील असं. त्यात कांदा, मीठ आणि कुस्करलेली बाजरीची भाकरी. अजिनाथला गोड हवं असायचं, सुरीने कापावं असं घट्ट, वर गुळाचा खडा. विरजण एकच. रतनबाई मडकं रात्रभर चुलीच्या उबेला ठेवायची, आणि अजिनाथची बायको जया दही लागल्याबरोबर ते गार जागी हलवायची. लहानपणी आई दोघांसाठी दोन गाडगी लावायची. तिला स्वतःला कोणतं आवडायचं, ते तिला कुणी कधी विचारलं नाही.

आई गेली आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. गहिनीनाथ म्हणाला, आंबट दही ठेवा, आईला तेच आवडायचं. अजिनाथ म्हणाला, छे, गोड. अर्धं गाव उन्हात ताटकळतंय आणि हे दोघे दह्यावरनं हमरीतुमरीवर. शेवटी दोन्ही ठेवलं. कावळा आला, भजं उचललं आणि गेला. लोक हसले. ते हसणं दोघांनाही झोंबलं आणि दोघांनी राग एकमेकांवर काढला. तेव्हापासून सणवारालासुद्धा एकाने दुसऱ्याचा उंबरा ओलांडला नव्हता.

"मळ्यात चला," रतनबाई म्हणाली. "मीबी येते."

"त्याच्या दारात मी न्हाई जायचो."

"त्याच्यासाठी नगा जाऊ. आईच्या इरजनासाठी चला."

गहिनीनाथ उठून खुंटीपाशी गेला. मग त्याने टोपी घातली. आईचं म्हणावं असं तेवढंच एक जितंजागतं उरलं होतं आणि ते आपल्या घरात संपलं, हे त्याला फार लागलं होतं.

थोरला भाऊ बांधावरून येताना दिसला तसा अजिनाथ ओसरीवर उठून उभा राहिला. त्याने घोंगडी झटकून अंथरली. जया दारात आली, दोघांना बघून थबकली आणि आत वळली. उन्हातनं आलेल्याला या घरात ताक मिळायचं; आज चहा आला. आपल्याला पाहुण्यात काढलं, असं गहिनीनाथच्या मनात आलं आणि त्याला वाईट वाटलं.

चहा संपला. मग उसाचं निघालं, मग म्हशीचं, मग आईचं. गाडग्याच्या कडेची साय कुणी खरवडायची यावरून दोघे कसे गुद्द्यांवर यायचे, आणि आई दोघांनाही हाकलून ती साय स्वतःच कशी खाऊन टाकायची, हे अजिनाथने सांगितलं. दोघे पोट धरून हसले. हसता हसता अजिनाथ जवळ सरकला. एकदा कुणाला न सांगता आंबट दही खाऊन बघितलं, म्हणाला. घशाखाली उतरलं नाही, पण दादा शेजारी बसलाय असं वाटलं.

गहिनीनाथने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आज्या, माझ्याकडचं आईचं इरजन गेलं. तुझ्यातलं दे."

"मागतोस काय दादा? तुझ्याबी आईचंच हाय."

अजिनाथने डोळे पुसले आणि जयाला आत हाक देऊन मोठी वाटी भरून आणायला सांगितलं.

जया येईना, म्हणून रतनबाईच आत गेली. जया मांडणीजवळ उभी होती. रतनबाईने दार लोटून घेतलं. इतक्या वर्षांत तिला असं मोकळं वाटलं नव्हतं.

"जये, मांजर न्हाई का काय न्हाई," ती हसू दाबत कुजबुजली. "मीच वतलं म्हशीच्या पेंडीच्या आंबोनात. त्याबिगर हे हिकडं आलेच नसते. तुझ्याकडं हाय म्हनून तर धीर केला."

जया हसली नाही. बाहेर दोघे भाऊ पुन्हा आंबट-गोडावरनं वाद घालत होते आणि मधेच खदखदून हसत होते.

"अक्का," जया म्हणाली, "मीबी आज सकाळीच सगळं वतलं. ह्यांना तुमच्या दारात धाडायला."