मोठा गाल

हॅलिबटचे गाल मागून मागून खानावळीच्या मालकिणीची जीभ झिजली होती. मासेवाला तो दाराएवढा चपटा मासा तिच्या डोळ्यांदेखत कापायचा, हवे तेवढे तुकडे द्यायचा. पण डोक्यातून दोन्ही गालांचं मऊ मांस काढलं की ते थेट स्वतःच्या डब्यात. "गाल विकायचे नाहीत," एवढंच म्हणायचा. गल्ल्यावर बसलेली त्याची बायको तेव्हा गालातल्या गालात हसायची.

गुडघ्याच्या दुखण्याने मालकीण बरेच दिवस बाजारात फिरकली नव्हती. आज आली, तर मासेवाल्याने न मागताच एक गाल कागदात गुंडाळून तिच्यापुढे धरला.

"आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा? बायकोला विचारलंत का? नाहीतर घरी गेल्यावर तुमची काही खैर नाही!"

"ती गेली," सुरी पुसत तो म्हणाला. "मागच्या महिन्यात."

मालकिणीने गल्ल्याकडे पाहिलं. खुर्चीवर बर्फाची रिकामी टोपली ठेवलेली होती. तिने उगाच कागद उलगडला. आत माशाच्या वरच्या अंगाचा गाल होता, मोठा, जाडजूड. खालच्या अंगाचा, पातळसा, त्याच्या डब्यात होता.

"अहो, मोठा तुम्ही ठेवा. मला तो लहान द्या."

"नको," डब्याचं झाकण दाबत तो म्हणाला. "मोठा तिचा. मी लहानच खातो."