नियम तुमचाच, मॅडम

नऊ वर्षं इतरांच्या कळा पाठीतल्या इंजेक्शनने कमी करणाऱ्या भूलतज्ज्ञ मॅडम आज स्वतःच बाळंतपणाच्या कळा सोसत होत्या आणि त्यांचा ज्युनिअर त्या इंजेक्शनच्या संमतीचं छापील कार्ड वाचून दाखवत होता. “पहिला फायदा: कळा सोसवतील, विश्रांती मिळेल.” “अरे, मीच लिहिलंय ते! इंजेक्शन दे!” “पेशंट कुणीही असो, कार्ड पूर्ण वाचायचं. नियम तुमचाच, मॅडम.” पुढची कळ आली. मॅडमनी नवऱ्याचं मनगट पिळून काढलं. “तोटे: एक, रक्तदाब उतरू शकतो. दोन, बाळंतपण लांबू शकतं. तीन...” “डोकेदुखी! तोंडपाठ आहे मला! होकार, होकार!” ज्युनिअरने घाम पुसत कार्ड उलटलं, तेवढ्यात नर्स ओरडली, “डोकं दिसतंय! आता कसलं इंजेक्शन, जोर लावा!” लेक ट्यांहां करत छातीवर आली आणि मॅडमनी हसतहसत पेन मागून कार्डावरची शेवटची ओळ खोडली: ‘घाई नाही, सावकाश ठरवा.’